दुसऱ्याने बिघडवलेली गळकी गच्ची कशी दुरुस्त करायची

सप्टेंबर लागला की मला येणारे बरेचसे फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "मे महिन्यातच केमिकल मारून घेतलंय, तरी गळायलंय की ओ." सोलापूरचा पाऊस तसा थोडा. जून-जुलैत नुसता भुरभुरतो आणि घरच्यांना वाटतं, काम टिकलं. मग परतीचा पाऊस येतो, एका रात्रीत गच्चीवर चार बोटं पाणी उभं करतो आणि पहाटे हॉलमधल्या पंख्याच्या दांडीवरून थेंब सुटतो. ऑक्टोबर २०२० च्या त्या झडीत तर तोवर कोरड्या राहिलेल्या गच्च्याही गळताना मी पाहिल्यात.

मी गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग करतो. वडील गवंडी होते, थापी त्यांच्याकडून शिकलो. कोऱ्या स्लॅबची कामं माझ्याकडे कमी येतात. बहुतेक ठिकाणी माझ्याआधी कुणीतरी हात फिरवून गेलेला असतो. अशी बिघडलेली गच्ची हातात घेतली तर कुठून सुरुवात करायची, काय ठेवायचं, काय काढायचं, हे घरमालकांसाठी आणि या धंद्यात नव्याने आलेल्या पोरांसाठी लिहितोय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, कारण पैसा इथेच वाया जातो. गळतंय म्हणून जुन्या थरावर आणखी एक थर चढवू नका. आधीचं काम कशामुळे फसलं ते उघडून डोळ्यांनी बघितल्याशिवाय केमिकलची एकही बादली विकत आणू नका.

सगळं हवेत बोलण्यापेक्षा सोलापुरातल्या शेळगी भागातलं एक घर उदाहरण म्हणून घेतो. वीस बाय तीसची गच्ची, म्हणजे ६०० चौरस फूट. घरमालक निवृत्त शिक्षक. मूळ बांधकामाच्या वेळचा ब्रिकबॅट कोबा होता, म्हणजे स्लॅबवर सिमेंटच्या मालात विटांचे तुकडे बसवून केलेला उताराचा थर. तो गळायला लागला तेव्हा एकाने वरून सिमेंटचा इंचभर थर दिला. तरी गळलं, म्हणून दुसऱ्याने त्यावर पांढरं केमिकल फिरवलं. मी गेलो तेव्हा हॉलच्या छताला पंख्याजवळ आणि जिन्याच्या भिंतीला ओल होती.

गच्चीवर जायच्या आधी घरात बसा

लगेच शिडी लावू नका. आधी खाली घरातल्या माणसांना विचारा, आणि शक्यतो घरात दिवसभर असणाऱ्या माणसाला विचारा. शेळगीच्या घरात सर म्हणाले, "पाऊस आला की गळतं." काकू म्हणाल्या, "पंख्यापाशी पाऊस आल्यावर गळतंय, पण जिन्याची भिंत उन्हाळ्यातपण ओली असती, नळाला पाणी आलं की दुसऱ्या दिवशी." या एका वाक्याने अर्धं काम झालं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा प्रत्येक जण गच्चीवरची टाकी काठोकाठ भरून घेतो आणि ती ओसंडते. जिन्याची ओल टाकीच्या ओव्हरफ्लोची होती. गच्चीवर हजारो रुपयांचं केमिकल ओतलं असतं तरी ती भिंत सुकली नसती.

म्हणून हे प्रश्न विचारायचेच: पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने थेंब येतो? पाऊस थांबल्यावर किती वेळ चालू राहतो? पाणी आलेल्या दिवशी ओल वाढते का? पाऊस पडता पडता लगेच गळत असेल तर भेग थेट आहे, बहुतेक पावसाचं पाणी उतरवणाऱ्या पाईपच्या तोंडाशी किंवा कठड्याच्या मुळाशी. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी थेंब चालू असेल तर कोब्याच्या पोटात पाणी साठलंय आणि ते हळूहळू झिरपतंय.

मग छताकडे बघा. पांढरा खार फुटला असेल तर पाणी सिमेंटमधून बऱ्याच काळापासून ये-जा करतंय. तांबूस डाग आणि सळईच्या ओळीत फुगलेलं प्लॅस्टर दिसलं तर सळई गंजायला लागली आहे. गंजलेलं लोखंड फुगतं आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतं. असे फुगे एखाद-दुसरे असतील तर दुरुस्ती होते. खोलीभर असतील, सळया उघड्या पडल्या असतील, तर वॉटरप्रूफिंगचं बोलणं तिथेच थांबवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्या छताखाली माणसं झोपतात.

पंख्याच्या किंवा दिव्याच्या पॉइंटमधून पाणी येत असेल तर त्या खोलीचा एमसीबी खाली पाडा आणि काम होईपर्यंत तो खालीच ठेवा. यात कुणाचंही "चालतंय की" ऐकू नका.

वर जाण्याआधी दोन भिंतींपासून थेंबापर्यंतचं माप टेपने घ्या आणि कागदावर लिहा. तेच माप वर जाऊन खडूने आखा. पाणी बरोबर त्याच जागेवरून खाली येतं असं मात्र धरून चालू नका. स्लॅब आणि कोबा यांच्यामध्ये पाणी उताराने लांब सरकतं आणि स्लॅबची भेग, पंख्याचा हूक, वायरिंगचा पाईप असं जे आधी मिळेल तिथून उतरतं. ही खूण शोधाची सुरुवात करण्यापुरती.

वर गेल्यावर

पाऊस थांबून काही तास झालेले असताना गच्ची बघायला मिळाली तर फार चांगलं. पाणी कुठे उभं आहे ते आपोआप दिसतं. कोरड्या दिवसात गेलात तर मातीची कडा बघा. पाणी साठून आटलेल्या जागी धुळीची एक गोल रेघ राहते. शेळगीत ती रेघ गच्चीच्या बरोबर मध्यावर होती आणि दुसरी पाईपच्या तोंडाभोवती. पाईपच्या तोंडाशी पाणी उभं राहतं याचा अर्थ तोंड गच्चीपेक्षा उंच आहे. इंचभर सिमेंटचा थर दिला तेव्हा तोंड आजूबाजूला तासून खाली घ्यायला हवं होतं. ते घेतलं नाही, उलट त्याच्याभोवती मालाचा कडा झाला. पाण्याला जायला वाटच राहिली नाही.

उतार मोजायला महागडं यंत्र लागत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतात तीच पद्धत. साधारण १०० ला १ उतार हवा, म्हणजे १० फुटाला सव्वा इंच. सर्वांत लांबच्या कोपऱ्यापासून पाईपच्या तोंडापर्यंत मोजा. शेळगीत तीस फुटांत पाऊण इंच निघाला, आणि तोही मध्ये खचलेला.

आता हातोडीच्या मागच्या टोकाने, किंवा जाड लोखंडी सळईने, कोबा ठोकत सगळी गच्ची फिरा. घट्ट जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. बद्द आवाजाच्या जागेभोवती खडूने रेघ मारत चला. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते सगळ्या तपासणीत याच्याइतकी खरी माहिती दुसरं काही देत नाही. खडूच्या रेघा पूर्ण झाल्या की गच्चीवर नकाशा तयार होतो आणि घरमालकालाही स्वतःच्या डोळ्यांनी कळतं की आपले पैसे कुठे गेले.

केमिकलचा थर तपासायला सुरीने फुलीसारखे दोन काप द्या आणि मधली कड नखाने उचला. चांगलं लागलेलं कोटिंग तुकड्या-तुकड्याने, ओढाताण करून निघतं. वाईट काम पापडासारखं सबंध सोलून हातात येतं. सोललेला तुकडा उलटा करून बघा. शेळगीतल्या तुकड्याच्या पाठीला करडी धूळ चिकटलेली होती, बोट फिरवलं तर बोटाला लागली. म्हणजे गच्ची धुतली नव्हती, झाडू मारून लगेच रोलर फिरवला होता. केमिकल सिमेंटला चिकटलं नाही, धुळीला चिकटलं. आत जाळी नव्हती. आणि थर इतका पातळ की उजेडापुढे धरला तर आरपार दिसत होतं. बादलीत पाणी जास्त घातलं की असं होतं.

ओल आत अडकली आहे का हे बघायला दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा गच्चीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा आणि निदान १६ तास तसाच राहू द्या. काढताना खालून दव धरलेलं असेल किंवा तिथला सिमेंटचा रंग काळपट झाला असेल तर पोटात पाणी आहे. यावर कोणतंही कोटिंग केलं तर मेच्या उन्हात आतल्या पाण्याची वाफ होऊन फोड येणारच.

कठडा विसरू नका. गच्ची आणि कठड्याची भिंत जिथे मिळतात तिथे काटकोन असेल, वाटा म्हणजे कोपरा भरून दिलेली मालाची गोलाई नसेल, तर बहुतेक तिथे केसासारखी भेग सापडते. कारण साधं आहे. काँक्रीट तापलं की वाढतं, थंड झालं की आकसतं. १० मीटर लांब स्लॅब ३० अंशांच्या फरकात साधारण ३ मिलिमीटर कमी-जास्त होतो. विटांची भिंत त्याच चालीने हलत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि वळवाचा पाऊस आला की तीच गच्ची काही मिनिटांत गार होते. ही ओढाताण दर वर्षी त्या सांध्यावर येते. कठड्याचा माथा बघा, तिथल्या भेगांतून पाणी विटांच्या आत उतरून थेट खोलीच्या भिंतीत निघतं. डिश अँटेना, सोलरचे पाय, कपड्याच्या दोरीचे हूक यांची भोकंही एकेक करून बघा.

खिडकी उघडणे

आता मुख्य काम. बद्द आवाजाच्या एका जागी आणि टणक आवाजाच्या एका जागी, प्रत्येकी फूटभर चौकोन छिन्नीने थेट स्लॅबपर्यंत उघडा. घरमालक इथे बिचकतात: "आधीच गळतंय, त्यात तुम्ही फोडायलाय." त्यांना शेजारी उभं करा आणि एकेक थर निघताना दाखवा.

शेळगीत वरचा सिमेंटचा थर कोब्याला चिकटलेलाच नव्हता, छिन्नीच्या दोन घावांत ताटाएवढी खपली उचलली गेली. खालचा जुना कोबा गुळगुळीत आणि शेवाळलेला. त्याला टाचे (छिन्नीच्या खाचा) मारले नव्हते, स्लरीही (सिमेंट-पाण्याचा पातळ काला) दिली नव्हती. आणि त्या दोन थरांच्या मध्ये पाणी होतं. बरेच दिवस पाऊस नव्हता तरी खिडकीत पाणी जमायला लागलं. सरांना सांगायची गरज उरली नाही.

या थराचं वजनही लक्षात घ्या. सिमेंटच्या मालाचा एक इंच जाड थर एका चौरस फुटाला साधारण ५ किलो भरतो. ६०० चौरस फुटांवर ३ टन. दर गळतीला एकेक थर चढवत गेलं तर ज्या वजनाचा हिशेब मूळ इंजिनिअरने कधी केलाच नव्हता ते स्लॅबच्या डोक्यावर बसतं, आणि आत भिजलेल्या कोब्याचं वजन वेगळं. थर चढवायला माझा विरोध आहे तो जितका गळतीमुळे तितकाच या वजनामुळे.

पाणी उभं करून बघणे

अजून शंका असेल तर गच्चीचे भाग पाडा. मातीचे किंवा मालाचे बुटके बांध घाला आणि एका वेळी एकच भाग भरा. सगळी गच्ची एकदम भरली तर गळेल, पण कुठून ते कळणार नाही. सुरुवात पाईपच्या तोंडापासून: तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसवून भोवती पाणी धरा. मग मधला भाग. कठड्याचा कोपरा शेवटी. प्रत्येक भाग किमान २४ तास, शक्य असेल तर ४८. पाण्यात रंग मिसळला तर वाट लवकर सापडते, पण सूत रंगवायचा पक्का रंग वापरू नका, छतावर कायमचा डाग पडतो. खायचा रंग पुरतो.

पाणी दोन इंचांच्या वर नको. १०० चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे पावणेपाचशे किलोच्या आसपास वजन होतं. छताच्या सळया गंजलेल्या असतील तर ही परीक्षा करूच नका. नळाच्या पाण्याची वाट बघत बसण्यापेक्षा बोअर किंवा टँकर आधी ठरवून ठेवा. अर्धवट भरून सोडलेल्या परीक्षेतून काहीच कळत नाही.

काय ठेवायचं, काय काढायचं

नकाशा, खिडक्या आणि पाण्याची परीक्षा झाली की निर्णय सोपा होतो. कोबा सगळीकडे टणक, उतार बरोबर, फक्त कोटिंग सुटलेलं: मग कोटिंग पूर्ण खरवडून काढा, कोबा ठेवा. बद्द जागा थोड्या आणि एकेकट्या असतील तर तेवढेच भाग चौकोनी कापून नव्याने भरा. पण गच्चीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त बद्द वाजत असेल, किंवा उतारच चुकलेला असेल, तर स्लॅबपर्यंत सगळं उतरवा. मधला मार्ग काढून पैसे वाचत नाहीत, हे घरमालकाला तिथल्या तिथे स्पष्ट सांगावं लागतं. शेळगीत आम्ही वरचा थर आणि जुना कोबा दोन्ही काढले.

जुन्या पेठांतल्या वाड्यांची माळवदं हा वेगळा विषय आहे. लाकडी तुळयांवरच्या मातीच्या धाब्यावर सिमेंटचा कोबा घालू नका. वजन वाढतं, आतली ओल बाहेर पडत नाही आणि लाकूड कुजतं. त्याला माळवदाचं काम जाणणारा माणूसच हवा.

फोडणे आणि धुणे

मोठा ब्रेकर गच्चीवर चढवू नका. हलकं यंत्र किंवा छिन्नी-हातोडा. धक्के स्लॅबला बसतात आणि नवी भेग आपणच तयार करतो. राबिट, म्हणजे फोडलेला मलबा, स्लॅबच्या मध्यावर ढीग करून ठेवू नका, भिंतींच्या वर पसरून ठेवा आणि रोजच्या रोज उतरवा. पाईपच्या तोंडात आधीच बोळा घाला, नाहीतर सगळे तुकडे पाईपमध्ये जातात.

स्लॅब उघडा झाला की तारेच्या ब्रशने घासून पाण्याच्या जोराने धुवा. शेवटचं पाणी स्वच्छ जाईपर्यंत धुवायचं. तुमच्या आधीच्या माणसाने जे टाळलं ते बहुतेक वेळा हेच असतं. यातून काही बिल दिसत नाही, फक्त मजुरी जाते, म्हणून टाळतात.

स्लॅबच्या भेगा आता दिसतील. बारीक, न हलणारी भेग व्ही आकारात उघडून, धुऊन, लॅटेक्स मिसळलेल्या सिमेंटच्या मालाने भरा. हलणारी भेग, म्हणजे दोन स्लॅबचा सांधा किंवा नव्या-जुन्या बांधकामाची जोड, कडक मालाने भरली तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते. तिथे खाली फोमची दोरी घालून वर रबरासारखा ताणला जाणारा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. अशा भेगेत सिमेंट कोंबलेलं मी इतक्या ठिकाणी काढलंय की नव्या पोरांना हेच आधी शिकवतो.

तोंड, कोबा, मग वाटा

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाईपचं तोंड. जुना पाईप हलत असेल तर काढून नवा बसवा. तोंड कोब्याच्या तयार पातळीपेक्षा निदान अर्धा इंच खाली बसलं पाहिजे. पाईप आणि काँक्रीट यांच्यामधली फट न आकसणाऱ्या ग्राउटने (फटीत ओतायच्या तयार सिमेंटच्या मालाने) भरा. गुळगुळीत पीव्हीसीला साधा सिमेंटचा माल धरत नाही, म्हणून पाईपला आधी खरखरीत करा. ६०० चौरस फुटांना एकच तोंड होतं. आम्ही समोरच्या कोपऱ्यात दुसरं काढलं, कारण एका तोंडात पतंगाचा कागद किंवा पिंपळाची पानं अडकली की गच्चीचं तळं होतं.

मग स्लॅबवर वॉटरप्रूफिंग पावडर घातलेली सिमेंटची स्लरी ब्रशने घासून लावा, कठड्यावर फूटभर उंच चढवून. स्लरी ओली असतानाच त्यावर १:४ चा माल (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) आणि त्यात विटांचे तुकडे. विटा पक्क्या भाजलेल्या, आणि आधी पाण्यात बुडवून ठेवलेल्या. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि तिच्याभोवती पोकळी राहते. तुकड्यांमध्ये पाऊण इंचाची फट ठेवा आणि ती मालाने गच्च भरा. तोंडाशी जाडी दोन-अडीच इंच, तिथून लांबच्या कडेपर्यंत उतार चढवत न्या. दोरी बांधल्याशिवाय, नजरेने उतार काढणाऱ्याला काम देऊ नका.

हा थर घट्ट झाला की दोन-तीन दिवस पाणी धरून खालून बघा. इथे गळालं तर दुरुस्ती स्वस्त असते. मग वरचा पाऊण इंचाचा थर, आणि त्याच मालात कठड्याला गोल वाटा. भिंतीचं प्लॅस्टर तिथे आधी फूटभर काढलेलं हवं. नाहीतर वाटा जुन्या प्लॅस्टरला चिकटतो आणि पाणी प्लॅस्टरच्या मागून उतरतं. वरच्या थरावर दोरीने फूटभराचे चौकोन उमटवतात ते शोभेसाठी नसतात, आकसताना पडणाऱ्या भेगा त्या रेघांत राहतात. कठड्याचा माथा आतल्या बाजूला उतरता करा.

पाणी मारण्यात कसूर नको. मालाचे बुटके बांध घालून किमान सात दिवस, जमलं तर चौदा, गच्ची ओली ठेवा. सकाळी एकदा पाईप फिरवला आणि झालं, हे सोलापूरच्या उन्हात चालत नाही, दुपारपर्यंत ती वाळून पांढरी पडते. गोणपाट अंथरून भिजवून ठेवा.

वरचं कोटिंग

कोबा नीट झाला तर कोटिंग हा त्याचा सोबती असतो. कोबा वाईट असेल तर कोटिंग त्याला वाचवत नाही. दुकानात तीन प्रकार पुढे येतात. सिमेंटमध्ये पॉलिमर मिसळायचं दोन भागांचं कोटिंग ओलसर पृष्ठभागावर लागतं, वर चमकणारं पाणी मात्र नको. ॲक्रेलिकचं तयार पांढरं कोटिंग वाळलेल्या पृष्ठभागावर लागतं, उष्णता परतवतं, पण सतत उभ्या पाण्यात मऊ पडतं, म्हणून उतार नसलेल्या गच्चीला ते देऊ नये. पीयू महाग, ताणलं जाणारं, आणि त्याला पूर्ण कोरडी जागा लागते. एकाची पद्धत दुसऱ्याला लावली की काम फसतं. डांबरी शीट जाळून चिकटवायलाही कोरडी जागा, प्रायमर आणि किमान चार इंचांची जोड हवी. घरच्या गच्चीवर लोक कुरडया वाळत घालतात, खाटा टाकतात, तिथे उघडी शीट मी सुचवत नाही.

शेळगीत कोब्यावर ॲक्रेलिक केलं. आधी प्रायमर, मग पहिला हात, तो ओला असतानाच कोपरे, वाटा आणि पाईपचं तोंड इथे फायबरची जाळी दाबून बसवली. वाळल्यावर दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने. कठड्यावर फूटभर वर. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा. तापलेल्या गच्चीवर कोटिंग वरून लगेच वाळतं आणि आत ओलंच राहतं. बादलीवर लिहिलेल्या प्रमाणाबाहेर पाणी घालू नका. एका बादलीत किती चौरस फूट होतात तेही तिच्यावर लिहिलेलं असतं, त्यावरून एकूण बादल्या मोजा. घरमालकांनी रिकाम्या बादल्या काम संपेपर्यंत घरीच ठेवून घ्याव्यात. हिशेबाने सहा लागायला हव्यात आणि चारच रिकाम्या निघाल्या, तर थर पातळ झालाय हे कुणालाही कळतं.

वेळ आणि पैशाचं बोलणं

भर पावसात पक्कं काम होत नाही. तोवर पाईपची तोंडं मोकळी करा, गळत्या भागावर उतार देऊन ताडपत्री बांधा आणि थांबा. संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा आटोपली की मार्चच्या मध्यापर्यंतचे दिवस सगळ्यांत चांगले: गच्ची पूर्ण सुकलेली असते आणि ऊन अजून भाजत नसतं.

आधीच्या मिस्त्रीला घरमालकासमोर शिव्या घालू नका. खिडकीत काय निघालं त्याचे फोटो काढा, मापं लिहा, तेवढं पुरे. पुष्कळदा त्याला दिलेल्या दरात धुणं आणि जाळी बसतच नव्हती, आणि तो दर घासाघीस करून घरमालकानेच खाली आणलेला असतो. त्याने लेखी हमी दिली असेल तर काही फोडायच्या आधी त्याला बोलावून दाखवा. फोडल्यावर तो म्हणणार, तुम्हीच बिघडवलंय.

तुमच्या स्वतःच्या कागदावर कोणते थर, किती जाडी, कोणतं साहित्य, किती बादल्या, किती दिवस पाणी मारणार, हे सगळं लिहा. पैसे टप्प्यांनी घ्या, आणि शेवटचा हप्ता ४८ तास पाणी उभं करून खालचं छत कोरडं दिसल्यावर. मी घरमालकांना स्वतःहून हेच सांगतो. जो मिस्त्री या परीक्षेला नाही म्हणतो त्याला काम देऊ नका.

शेळगीच्या घरी जिन्याच्या भिंतीसाठी वेगळं काही लागलं नाही. टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह बसवला, ओव्हरफ्लोचा पाईप थेट पावसाळी पाईपच्या तोंडापर्यंत नेला. डिश अँटेनाचे बोल्ट काढून भोकं भरली आणि अँटेना सिमेंटच्या ठोकळ्यावर बसवून तो ठोकळा गच्चीवर रबराच्या तुकड्यावर नुसता ठेवला. केबलवाला पुन्हा ड्रिल घेऊन येईल तेव्हा त्याला वर एकटं सोडू नका, हे काकूंना दोनदा सांगून आलो.